मेफ्लॉवरवरचे हाउलंड: एलिझाबेथ नक्की कोणाची मुलगी? (वंशावळ आणि पुरावे)

अलकनंदा:

मंडळी, वंशावळीवर इथे आधी बरेच धागे झालेत पण ते सगळे आपल्याकडच्या कुळांचे, आज मला जरा लांबच्या घराण्याबद्दल लिहायचंय. माझं सासर मॅसॅच्युसेट्सचं, नवरा इथलाच. सासूबाईंकडे त्यांच्या आत्याने टाइप करून ठेवलेला एक पिवळा पडलेला कागद आहे, त्यात वरपासून खालपर्यंत पिढ्या लिहिल्यात आणि अगदी वर लिहिलंय 'जॉन हाउलंड, मेफ्लॉवर १६२०, पत्नी एलिझाबेथ, गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची कन्या'. (मेफ्लॉवर म्हणजे इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्या लोकांना घेऊन इकडे प्लिमथला आलेलं जहाज.) हा कागद नातवंडांना द्यायचा आहे, तर त्याआधी प्रत्येक ओळ तपासून पुराव्यासकट लिहून काढ असं त्यांनी मला सांगितलंय आणि मी ते मनापासून हातात घेतलंय. आणि पहिलीच ओळ चूक निघाली! एलिझाबेथ कार्व्हरची मुलगी नव्हती. ही चूक आत्याबाईंची एकटीची नाही, अख्ख्या घराण्याने ती शंभर वर्षांहून जास्त सांभाळली, प्लिमथच्या बरिअल हिल या दफनभूमीत वंशजांनी एकोणिसाव्या शतकात जो दगड उभारला त्यावरसुद्धा तेच कोरलं होतं.

थोडक्यात पार्श्वभूमी देते. जॉन हाउलंड इंग्लंडमधल्या हंटिंग्डनशरच्या फेनस्टँटन गावचा. कार्व्हरचा नोकर म्हणून जहाजावर चढला. भर समुद्रात वादळ चालू असताना हा डेकवर आला, जहाजाने हेलकावा खाल्ला आणि हा सरळ पाण्यात. वरच्या शिडाचा दोर बाहेर लोंबत होता तो नेमका हाताला लागला, पार पाण्याखाली गेला तरी दोर सोडला नाही, मग लोकांनी ओढून आकडीने त्याला वर घेतलं. हे लिहिलंय विल्यम ब्रॅडफर्डने, जो स्वतः त्याच जहाजावर होता आणि पुढे कित्येक वर्षं वसाहतीचा गव्हर्नर राहिला. १०२ उतारू आले, पहिल्या हिवाळ्यात आजाराने जवळपास निम्मे गेले. कार्व्हर हा पहिला गव्हर्नर, तोही १६२१ च्या वसंतात गेला, पाठोपाठ त्याची बायको. मागे मूलबाळ नाही. आता हाउलंड हा कार्व्हरच्या घरातला माणूस आणि त्याच्या बायकोचं माहेर कुणालाच माहीत नाही, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांनी लोक म्हणायला लागले की ती कार्व्हरचीच लेक असणार. मालकाने नोकराला मुलगी दिली, गोष्ट ऐकायलाही छान, आणि गव्हर्नरचं रक्त आपल्यात आहे म्हटल्यावर कोण कशाला खोदत बसतंय.

खरं उत्तर ब्रॅडफर्डच्या हस्तलिखितात पडून होतं. ते बोस्टनच्या ओल्ड साउथ चर्चच्या मनोऱ्यातल्या लायब्ररीत होतं, अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत तिथून गायब झालं आणि कुणाला पत्ता नाही. १८५५ मध्ये ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथसंग्रहात आहे हे उघडकीला आलं, १८५६ ला बोस्टनमध्ये छापून निघालं, मूळ वही १८९७ ला मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. त्या वहीच्या शेवटी ब्रॅडफर्डने साधारण १६५० च्या सुमारास एक यादी केलीय, जहाजावर कोण कोणाबरोबर आलं आणि तीस वर्षांनी त्यांचं काय झालं. त्यात स्वच्छ लिहिलंय की कार्व्हरचा नोकर जॉन हाउलंड याने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं, दोघं हयात आहेत आणि त्यांना दहा मुलं आहेत. जॉन टिली आणि त्याची बायको दोघंही त्याच जहाजावर होते, पहिल्याच हिवाळ्यात गेले. म्हणजे तेरा वर्षांची मुलगी परक्या किनाऱ्यावर एकटी उरली आणि तिच्या आईबापाचं नावच पुढच्या लोकांनी पुसून टाकलं. मला याचं फार वाईट वाटतं, त्यामुळे त्या ओळीत टिलीचं नाव परत यावं असं मनापासून वाटतं.

इथे कुणी अशा जुन्या इंग्लिश नोंदींवर काम केलंय का? पुढच्या पिढ्यांसाठी मदत हवी आहे, त्याबद्दल खाली लिहीनच.

---

रानजाई:

वाचतेय, फार आवडलं. एक शंका, ब्रॅडफर्डने तीस वर्षांनी आठवून लिहिलं ना? मग त्याचीही चूक झालेली असू शकते की. दगडावरचं चूक आणि वहीतलं बरोबर हे कशावरून?

---

अलकनंदा:

रानजाई, अगदी योग्य प्रश्न, कुठल्याही जोडणीला हाच विचारायचा.

पहिलं म्हणजे लिहिणारा कोण आणि कधी. ब्रॅडफर्ड या दोघांना रोज बघत होता, गाव केवढंसं, आणि लिहिलं तेव्हा दोघं जिवंत होते. दगड उभारणारे पणतू-खापरपणतू, त्यांनी ऐकीव कोरलं. पण एवढ्यावर थांबायचं नाही, दुसरीकडून स्वतंत्र दुजोरा मिळतो का ते बघायचं. तो मिळतो, आणि मला या सगळ्या प्रकरणात तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

एलिझाबेथचं मृत्युपत्र शिल्लक आहे. नवरा १६७३ ला गेल्यावर ती लेक लिडियाकडे स्वान्झीला राहायला गेली, तिथे १७ डिसेंबर १६८६ ला तिने ते केलं. सुरुवातीलाच म्हणते की माझं वय एकोणऐंशी आहे पण स्मरणशक्ती शाबूत आहे. आता इकडे इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या रजिस्टरात जॉन टिली आणि जोन यांच्या मुलीचा, एलिझाबेथचा, बाप्तिस्मा ३० ऑगस्ट १६०७ ला नोंदलाय. १६८६ वजा १६०७, बरोब्बर ७९! त्याच रजिस्टरात आईबापाचं लग्नही आहे, १५९६ चं. ही जोन म्हणजे माहेरची हर्स्ट, रॉजर्स नावाच्या माणसाची विधवा. हेन्लोच्या या नोंदी एका संशोधकाने शोधून १९७६ मध्ये वंशावळीच्या एका नियतकालिकात मांडल्या, म्हणजे जहाज पोचल्यावर साडेतीनशे वर्षांनी. त्याच शोधात एलिझाबेथचा काका एडवर्ड टिली आणि त्याच्याबरोबर आलेली नात्यातली दोन मुलं, हेन्री सॅम्सन आणि ह्युमिलिटी कूपर, यांचीही मुळं त्याच टापूत सापडली. अख्खा गोतावळा एकाच भागातला निघाला, त्यामुळे योगायोगाची शंका राहत नाही. एकटी एलिझाबेथ सापडली असती तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते कारण हे नाव त्या काळी घरोघरी होतं.

---

मोडीवाचक:

उत्तम धागा ताई. मी मोडी कागद वाचतो म्हणून विचारतो, सोळाव्या सतराव्या शतकातलं इंग्लिश हस्ताक्षर वाचता येतं का सरळ? एकदा स्कॅन बघितलं होतं, एक अक्षर धड लागलं नाही.

---

अलकनंदा:

मोडीवाचक, सरळ नाही येत, शिकावं लागतं. तेव्हाच्या कारकुनी वळणात एच आणि एस भलतेच दिसतात, ई उलटा, सी म्हणजे आपल्याला आर वाटतो. तुमच्या मोडीसारखंच आहे, लिहिणारा घाईत, जोडून जोडून ओढलेलं, आणि संक्षेप ठरलेले. पण तुम्हाला सवय आहे त्यामुळे तुम्हाला महिन्याभरात लागेल असं मला खरंच वाटतं, कारण अर्धं काम मजकुराचा साचा ओळखण्याचं आहे. मृत्युपत्र असेल तर सुरुवात देवाच्या नावाने, मग आत्मा देवाला आणि देह मातीला, मग वाटण्या. साचा पाठ झाला की न लागणारा शब्द आपोआप लागतो.

स्पेलिंगकडे मात्र अजिबात लक्ष द्यायचं नाही. टिली चार प्रकारे, हाउलंड पाच प्रकारे, एकाच कागदात सुद्धा.

---

नाथामामा:

ताई तुम्ही वर जॉन हाउलंड १६७३ ला गेला म्हणता आणि मी इंटरनेटवर १६७२ वाचलं. कुठलं धरायचं?

---

अलकनंदा:

नाथामामा, दोन्ही बरोबर. इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे फेब्रुवारी हा जुन्या वर्षाचा शेवटचा भाग. जॉन गेला २३ फेब्रुवारीला, त्यांच्या हिशोबात १६७२ संपत आलं होतं, आपल्या हिशोबात १६७३ लागलं होतं. म्हणून १६७२/७३ असं दोन्ही लिहायची पद्धत आहे आणि वंशावळीत ती पाळलीच पाहिजे, नाहीतर मूल लग्नाआधी जन्मलेलं दिसतं किंवा माणूस मेल्यावर मृत्युपत्र करतो. असे घोळ ऑनलाइन फॅमिली ट्रीमध्ये ढिगाने आहेत. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या २४ तारखेपर्यंतची नोंद दिसली की थांबायचं आणि बघायचं लिहिणाऱ्याने कुठलं वर्ष धरलंय.

त्याचं जन्मसाल ठाम नाही. प्लिमथच्या चर्चच्या नोंदीत मेला तेव्हा वय ऐंशीच्या वर असं आहे, म्हणजे जन्म १५९२ च्या आसपास येतो. पण मग १६२० ला तो अठ्ठावीसचा होतो आणि इतक्या वयाचा माणूस कुणाचा नोकर म्हणून बांधलेला असणं त्या काळी जरा अवघड, म्हणून बऱ्याच अभ्यासकांना तो तेव्हा विशी-बाविशीतला असावा असं वाटतं. दुसरीकडे जहाजावर पुरुषांनी जो करार केला त्यावर ४१ जणांच्या सह्या आहेत, त्यात याचं नाव तेराव्या क्रमांकावर, म्हणजे अगदी पोरसवदा नसणार. मी कागदावर 'सुमारे १५९२ ते १५९९' असं लिहिणार आहे आणि शेजारी कारण.

---

चिंचपोकळीकर:

मी एका साइटवर हाउलंड टाकून बघितलं तर पाच मिनिटात इंग्लंडच्या राजापर्यंत झाड गेलं की. मधे एक बिशप पण आहे. एवढं सगळं तयार असताना एकेक कागद कशाला शोधायचा, सगळ्यांनी आधीच केलंय.

---

अलकनंदा:

चिंचपोकळीकर, सगळ्यांनी केलेलं नाही, एकाने केलंय आणि बाकीच्यांनी त्याचं उचललंय. हजार झाडांत एकच गोष्ट दिसली म्हणून हजार पुरावे होत नाहीत, पहिल्याचा पुरावा काय तेवढंच बघायचं.

तो बिशप खरा आहे, रिचर्ड हाउलंड, पीटरबरोचा बिशप, एसेक्समधल्या न्यूपोर्टचा. आडनाव एक, काळ जवळचा, आणि त्या घराण्याकडे मानचिन्ह वगैरे, त्यामुळे फेनस्टँटनच्या साध्या माणसांना त्या घराण्याला जोडायचा मोह जुन्या लेखकांना झाला. मधला दुवा मात्र सिद्ध झालेला नाही. जॉनच्या बापाचं नाव हेन्री, आई मार्गारेट, हेन्री फेनस्टँटनला १६३५ मध्ये पुरला, इथपर्यंत जमीन पक्की आहे.

आणि तेही कसं कळलं बघा. जॉनचा एक भाऊ हम्फ्री लंडनमध्ये कापडाचा व्यापारी होता. त्याचं मृत्युपत्र १६४६ चं, त्यात आर्थर, जॉन आणि हेन्री या भावांना रक्कम ठेवलीय, आणि ती न्यू इंग्लंडमधल्या एका माणसाकडून येणं असलेल्या कर्जातून द्यायची म्हटलंय. अमेरिकेत आलेल्या माणसाचं मूळ गाव अमेरिकेच्या कागदात बहुतेक वेळा सापडतच नाही, ते इंग्लंडमध्ये मागे राहिलेल्या एखाद्या भावाच्या, मावशीच्या, बिनमुलाच्या काकाच्या मृत्युपत्रात सापडतं कारण तो लिहितो 'माझा भाऊ, जो सध्या न्यू इंग्लंडात आहे'. म्हणून आपला माणूस सोडून त्याच्या सगळ्या भावंडांच्या मागे लागायचं, हे मी शिकलेलं सगळ्यात उपयोगाचं काम.

राजापर्यंत जाणाऱ्या झाडांबद्दल अजून एक. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत श्रीमंत घराण्यांना वंशावळी करून विकणारे लोक होते. ग्युस्ताव आंजू नावाचा मूळचा स्वीडिश गृहस्थ तर यात कुप्रसिद्ध आहे, मोठ्या रकमा घेऊन करायचा. त्याची पद्धत अशी की चार खऱ्या नोंदी, मग मधेच एक बनावट मृत्युपत्र किंवा रजिस्टरातली न सापडणारी नोंद, आणि परत खऱ्या नोंदी. वाचणाऱ्याने खऱ्या तपासल्या की त्याचा विश्वास बसतो. ती पुस्तकं आजही लायब्ररीत आहेत आणि त्यातली झाडं आजही ऑनलाइन उतरवली जातात. मला याचा खरंच राग येतो, लोकांनी आपल्या पूर्वजांसाठी पैसे मोजले आणि दुसऱ्याचेच मेलेले घरी नेले.

---

रानजाई:

एलिझाबेथच्या मृत्युपत्रात अजून काय आहे? ते सांगा ना सविस्तर.

---

अलकनंदा:

सांगते, मला ते जवळजवळ पाठ झालंय.

थोरल्या मुलाला, जॉनला, पाच पौंड आणि टिंडेलचं पुस्तक. जोसेफला तिचा वजनकाटा. जेबेझला पिसांची गादी, लोड, आणि मोठं लोखंडी भांडं आकड्यांसकट. आयझॅकला रोमकरांच्या पत्रावरचं एक पुस्तक आणि मोठी पितळी किटली, जी आधीच त्याच्याकडे आहे. जावई जेम्स ब्राउनला मोठं बायबल. लिडिया, जिच्याकडे ती राहत होती, तिला सगळ्यात चांगली गादी, तीन ब्लँकेटं, एक हिरवी रग, छोटं कपाट, लहान बायबल, सगळ्यात तलम चादरी, आणि हॉलंडमधल्या लायडनच्या मंडळींचा पास्टर जॉन रॉबिन्सन याचं पुस्तक. एका नातीला पेटी आणि बिछाना गरम करायचं भांडं. नातू नथॅनिएलला डक्सबरीतली जमीन, जोन्स नदीच्या पुलाजवळची. डिझायर कुशमन या नातीला चार मेंढ्या.

बाई शिकलेली होती, पुस्तकं होती तिच्याकडे, आणि कुणाला काय द्यायचं हे नीट विचार करून ठरवलेलं. वंशावळीच्या दृष्टीने बघाल तर प्रत्येक चादरीमागे एक नातं आहे. मुलींची सासरची आडनावं इथेच कळतात, ब्राउन, डिकन्सन, बॉसवर्थ. त्या काळात लग्नाची नोंद नसेल तर बाईचं माहेर आणि सासर जोडणारा कागद म्हणजे बापाचं किंवा आईचं मृत्युपत्रच.

पण सावध राहायला हवं. या मृत्युपत्रात डिझायर गोरहॅम, होप चिपमन आणि रूथ कुशमन या तीन मुली नाहीतच! नुसतं हेच वाचलं तर वाटेल त्या हिच्या नव्हेत. आता जॉनचं मृत्युपत्र काढा, २९ मे १६७२ चं, त्यात सहाही मुलींना वीस-वीस शिलिंग ठेवलेत, तिघींची नावं सासरच्या आडनावासकट. मग खुलासा होतो, डिझायर १६८३ मध्ये आणि होप जानेवारी १६८३/८४ मध्ये, दोघी आईच्या आधी गेल्या, रूथही आधीच गेली होती, आणि ती चार मेंढ्यांवाली डिझायर कुशमन ही रूथचीच मुलगी. एका कागदात नाव नाही याचा अर्थ नातं नाही असा होत नाही, दोन्ही मृत्युपत्रं शेजारी ठेवली की दहाच्या दहा मुलं बसतात.

लग्नाची नोंद मात्र कुठेच नाही. त्यासाठी १६२७ ची गुरांची वाटणी कामाला येते. वसाहतीची गाई-वासरं तेव्हा लोकांच्या गटांत वाटली आणि प्रत्येक गटातल्या माणसांची नावं लिहिली, अगदी तान्ह्या मुलांसकट. चौथा गट हाउलंडचा, त्यात जॉन, बायको एलिझाबेथ, धाकटा जॉन आणि डिझायर. वाट्याला आलेल्या कालवडीचं नावसुद्धा आहे, रॅगहॉर्न. १६२७ ला दोन मुलं म्हणजे लग्न उशिरात उशिरा १६२५ च्या आसपास झालेलं. गुरांच्या कागदावरून लग्नाचं वर्ष काढता येतं हे बघून मी थक्क झाले होते.

---

सौमित्रा:

छान चाललंय पण एक लिहिते, राग नसावा. या सगळ्या नोंदी ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांची होती. त्यांच्या वंशावळी कोण शोधणार? मेफ्लॉवरच्या वंशजांचं कौतुक खूप होतं.

---

अलकनंदा:

सौमित्रा, राग कसला, हे लिहायलाच हवं होतं. ती डक्सबरीची जमीन, चर्च, कोर्ट, सगळं त्यांच्या प्रदेशावर. १६७५-७६ चं युद्ध झालं, ज्याला इकडे किंग फिलिपचं युद्ध म्हणतात, त्यात तिथल्या लोकांचा फार मोठा संहार झाला, किती जणांना गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर विकलं. एलिझाबेथचा जावई, डिझायरचा नवरा कॅप्टन जॉन गोरहॅम, त्याच युद्धात स्वान्झीला मेला. पुढे सैनिकांच्या वारसांना मेन राज्यात जमिनी वाटल्या, तिथलं गोरहॅम गाव त्याच्याच नावाचं. आणि त्या जमिनी मिळवायला वारसांना आपलं नातं दाखवावं लागलं, म्हणजे आज आपण जे कागद वाचतो त्यातले काही असे तयार झालेत. मुलांसाठी जे लिहितेय त्यात हे पान मी घालणार आहे, युद्धाशिवाय या घराण्याची गोष्ट पुरी होत नाही.

वाम्पानोआग लोक आजही तिथेच आहेत, मॅशपीला आणि अक्विनाला, आणि आपली वंशपरंपरा ते स्वतः सांभाळतात. त्यावर वेगळा धागा तुम्ही काढा ना, मी नक्की येईन.

---

तन्मय०७:

डीएनए टेस्ट करून सोक्षमोक्ष नाही का लागणार? मी लॅबमध्येच काम करतो म्हणून विचारतोय.

---

अलकनंदा:

तन्मय, तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं पण माझी अडचण सांगते म्हणजे तुम्ही तपासून सांगा. आम्हाला हाउलंड हे आडनाव बापाकडून बापाकडून आलंय, म्हणजे वाय क्रोमोझोम चालेल असं वाटतं. पण जॉनचे दोन भाऊ, आर्थर आणि हेन्री, हेही पुढे प्लिमथला आले. ते मेफ्लॉवरवर नव्हते. दोघंही क्वेकर या ख्रिस्ती पंथाकडे वळले आणि त्यापायी कोर्टात त्रास सोसला. (अवांतर: आर्थरचा मुलगा, त्याचंही नाव आर्थर, गव्हर्नर प्रेन्सच्या मुलीच्या प्रेमात पडला आणि बापाच्या परवानगीशिवाय लग्नाची बोलणी केली म्हणून १६६७ मध्ये कोर्टाने पाच पौंड दंड केला. लग्न शेवटी झालंच.) तिघं सख्खे भाऊ म्हणजे तिघांचा वाय क्रोमोझोम एकच ना? मग टेस्ट हाउलंड आहे एवढं सांगेल, कुठल्या भावाचा हे नाही सांगणार.

---

तन्मय०७:

बरोबर आहे तुमचं. मधल्या कुठल्यातरी पिढीत त्या एका शाखेचा असा खास बदल झाला असेल आणि दोन्ही शाखांतले पुरेसे लोक टेस्ट करतील तरच वेगळं काढता येईल. नेहमीची थुंकीवाली टेस्ट इतक्या मागे उपयोगाची नाही, बारा पिढ्या वर गेलं की ४०९६ पूर्वज होतात, त्यातल्या एकाचा तुकडा तुमच्यात असेलच असं नाही. एलिझाबेथसाठी मात्र मायटोकॉन्ड्रियल बघता येईल, आई ते मुलगी ते मुलगी अशी अखंड साखळी असेल तर. डिझायर, होप, लिडिया वगैरेंच्या मुलींच्या मुली. दोन वेगळ्या लेकींच्या शाखांचं जुळलं तर त्या साखळ्या बरोबर आहेत याला चांगला आधार मिळतो.

---

नाथामामा:

मग ताई तुमचा कागद जॉनचा की हेन्रीचा?

---

अलकनंदा:

नाथामामा, मुद्द्यावर आलात. आता मदत हवी आहे ती इथेच.

पहिल्या चार-पाच पिढ्यांचं अवघड नाही. बोस्टनची १८४५ पासूनची वंशावळ संस्था आहे, मेफ्लॉवर वंशजांची १८९७ ची संस्था आहे, त्यांनी सुरुवातीच्या पिढ्या एकेक नोंद लावून छापल्यात. गावांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीही १८५० पर्यंतच्या बऱ्याच छापलेल्या आहेत. (बार्नस्टेबलच्या कोर्टाला १८२७ मध्ये आग लागली त्यात जमिनीच्या खरेदीखतांची दफ्तरं जळाली, पण मृत्युपत्रं बरीचशी वाचली.) लोकांना वाटतं सतराव्या शतकातलं कठीण, तर तसं नाही, खरी अडचण १७८० ते १८५० या काळाची. घरं मोडून लोक पश्चिमेकडे निघाले, व्हर्मॉन्ट, न्यूयॉर्क, ओहायो, जिथे नोंद ठेवायला गावच नव्हतं. १७९० पासून जनगणना आहे पण १८५० पर्यंत त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यातले आकडे. कोण मुलगा, कोण पुतण्या, कोण नोकर, काही कळत नाही. नातं लिहायला तर १८८० ला सुरुवात झाली.

आमच्या कागदावर सहाव्या पिढीत एक हाउलंड १८०० नंतर न्यूयॉर्क राज्यात दिसतो आणि त्याच्या वर आत्याबाईंनी जॉनच्या शाखेतलं एक नाव ठेवलंय. कशावरून, ते लिहिलेलं नाही. मी जे बघितलं त्यावरून माझं मत असं झालंय की तो हेन्रीच्या शाखेचा असावा. हेन्रीची माणसं डार्टमथ आणि न्यू बेडफर्डकडे वाढली, क्वेकर, व्हेलच्या धंद्यात खूप पैसा केला, त्या काळची प्रचंड श्रीमंत हेटी ग्रीन त्याच घराण्यातल्या हाउलंड बाईची मुलगी. (तिच्या मावशीच्या मृत्युपत्रावरून १८६८ चा प्रसिद्ध खटला, सह्या खोट्या की खऱ्या हे ठरवायला गणितज्ञ बेंजामिन पर्स साक्षीला उभा होता.) न्यूयॉर्कच्या केयुगा काउंटीत शेरवुडलाही क्वेकर हाउलंड होते, गुलामगिरीविरुद्ध काम करणारी शिक्षिका एमिली हाउलंड तिथलीच. आणि आमच्या माणसाचं गाव त्याच पट्ट्यात येतं.

हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, हेन्री तर हेन्री, पण नक्की कर. म्हणजे मेफ्लॉवर आमच्या झाडावरून कदाचित जाईलच. एलिझाबेथ मग आमची आजी राहणार नाही, चुलत आजी होईल. तरी तिची ओळ मी दुरुस्त करणारच.

---

मोडीवाचक:

क्वेकर असतील तर त्यांच्या सभांची (म्हणजे गावोगावच्या मंडळ्यांची) इतिवृत्तं असतात ना? तिथे गाव सोडून जाणाऱ्याला पत्र देत असत असं वाचलंय.

---

अलकनंदा:

हो! तेच शोधायचंय. क्वेकर माणूस एका सभेतून दुसरीकडे गेला की जुनी सभा दाखला द्यायची, हा आमचा चांगल्या चालीचा सभासद, याच्यावर कर्ज नाही, लग्नाचं बंधन नाही वगैरे, आणि नवी सभा तो आल्याची नोंद करायची. म्हणजे न्यूयॉर्कच्या वहीत 'डार्टमथच्या सभेकडून' अशी एक ओळ सापडली तर निकाल लागला. न्यूयॉर्कच्या सभांची दफ्तरं स्वार्थमोर कॉलेजच्या संग्रहात आहेत, न्यू इंग्लंडची मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्टच्या लायब्ररीत. अ‍ॅमहर्स्ट मला गाडीने जाण्यासारखं आहे. स्वार्थमोरचे स्कॅन ऑनलाइन बघायचे, पण पानं पुसट आहेत आणि अनुक्रमणिका भरवशाची नाही, पान पान वाचायला लागणार.

---

मोडीवाचक:

पानं वाटून द्या, मी वाचतो. एकच विचारायचं, क्वेकर लोक महिन्यांची नावं न लिहिता आकडे लिहितात, तर 'पहिला महिना' म्हणजे जानेवारी धरायचा का?

---

अलकनंदा:

१७५२ च्या आधी पहिला महिना म्हणजे मार्च, नंतर जानेवारी. आपली पानं १८०० नंतरची आहेत तेव्हा जानेवारीच धरा. मी आज रात्री १८०० ते १८१५ ची पानं पंचवीस-पंचवीसच्या गटात टाकते. हाउलंड नाव दिसलं की सबंध ओळ जशीच्या तशी उतरवा, स्पेलिंग सुधारू नका, आणि त्याच पानावर अ‍ॅलन, स्लोकम, रसेल ही आडनावं दिसली तर तीही उतरवा, डार्टमथकडची माणसं एकत्र निघायची आणि एकत्रच वस्ती करायची.

---

रानजाई:

मलाही एक गट द्या. इंग्लिश हस्ताक्षर वाचायची सवय नाही पण नाव ओळखू येईल तेवढं करते.

---

अलकनंदा:

देते रानजाई, तुम्हाला १८१० नंतरची पानं देते, त्यातलं अक्षर सुटं आणि मोठं आहे.